शांगछिंग बुरुडाच्या घरचा खार

बरणी बोलत नाही, हे पहिल्यांदा धाकट्या चीमेइच्या लक्षात आलं.

वर्षाचा शेवटचा महिना होता. च्यालिंग नदीवरचं धुकं डोंगर चढून पार अंगणात आलं होतं. फू शांगछिंग बुरूड चुलीवरच्या पेजेत रताळ्याच्या फोडी ढवळत होता. सात वर्षांची चीमेइ रोजच्यासारखी कोपऱ्यातल्या बरणीला कान लावून बसली होती. बरणीत खार आंबत असला की आतला वारा वर येतो, तोंडावरचा पालथा वाडगा जरासा उचलतो आणि कडेच्या पन्हळीतल्या पाण्यातून बाहेर पडतो. गुडूक. त्या घरी कोंबडा नव्हता. दिवस त्या आवाजानं उगवायचा.

"बाबा, बरणी कालपासनं गप्प आहे."

शांगछिंगनं ढवळणं थांबवलं.

ती बरणी त्याच्या बायकोची, सूछ्योंगची. लग्न होऊन आली तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज तिनं एकच वस्तू आणली होती. आईच्या बरणीतला जुना खार, बांबूच्या नळकांड्यात भरून. त्या नळकांडंभर खारावर तिनं या घरची बरणी उभी केली. तीन वर्षांमागं ती तापानं गेली. जाताना पोरींबद्दल काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "भात कधी असेल, कधी नसेल. खार तेवढा मरू देऊ नका."

गाव हसलं होतं. बरणीला प्रत्येकाचा हात मानवत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात हा पुरुषाचा हात, तोही बुरुडाचा. "सहा महिन्यांत चिखल होईल त्याचा," असं शेजारची श्यानवहिनी विहिरीवर चारचौघींत बोलली होती. चिखल झाला नाही. शांगछिंग राखेनं हात घासायचा, उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचा आणि मगच बरणीत घालायचा. बांबू सोलून सोलून त्याच्या बोटांना भेगा पडलेल्या. हिवाळ्यात त्या उलायच्या. खारात हात गेला की आग मस्तकापर्यंत जायची, डोळ्यांत पाणी यायचं. त्याला ते बरं वाटायचं. खार झोंबतोय म्हणजे जिवंत आहे.

आणि त्या खारावरच घर चालत होतं. बाजारच्या दिवशी टोपल्या विकून झाल्या की तो भाजीवाल्यांच्या मागं रेंगाळायचा. मुळ्याची सालं, मोहरीच्या भाजीचे जून दांडे, उन्हाळ्यात कलिंगडाचा पांढरा गर, लोक टाकतील ते तो उचलून आणायचा. चार दिवस बरणीत राहिलं की त्या टाकाऊचं असं काही व्हायचं की पोरी वाडगा चाटून पुसून ठेवायच्या. तळाला राहिलेले तुकडे उकळले की आंबट कढण व्हायचं. घरात तेलाचा थेंब नसलेल्या दिवसांतही त्या घरातलं जेवण कधी बेचव झालं नाही.

म्हणूनच त्याला त्या खाराचा अभिमान होता, आणि अभिमान जरा जास्तच होता. शरदात श्यानवहिनीची नवी सून वाडगाभर खार मागायला आली, तर यानं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. "सूछ्योंगचा खार या उंबऱ्याबाहेर जायचा नाही," म्हणाला.

आता त्यानं पालथा वाडगा उचलला. वर बुरशीसारखा पांढरा भुरा. भुऱ्याखाली गढूळ पाणी. वास आंबट नव्हता. कुबट होता.

"भुरा काय, येतो तसा जातो," तो पोरींना म्हणाला. त्यानं स्वच्छ पळीनं भुरा काढला. आलं ठेचून टाकलं, मूठभर मीठ टाकलं, नवीन वर्षासाठी राखलेली ज्वारीची दारू ओतली. पन्हळीतलं पाणी बदललं. मग वाट बघणं आलं.

एक दिवस गेला, दुसरा गेला. तिघं चुलीपाशी बसून नुसत्या पेजेत मिठाचा खडा विरघळवून पीत होती आणि तिघांचेही कान कोपऱ्याकडे होते. कुणी भुरका मारला तरी दुसरा दचकून "शू" करायचा. बरणी गप्पच.

तिसऱ्या दिवशी श्यानवहिनी विस्तव मागायला आली आणि उंबऱ्यातच नाक मुरडून उभी राहिली.

"भावजी, हा भुऱ्याचा वास नव्हे हो. तेल गेलंय आत. कुणीतरी चरबीचा हात घातलाय. आता हे देवाच्या बापालाही निस्तरायचं नाही. ओता शेणखतात."

चरबी! आठवड्यामागं वहिनीच्याच घरी डुक्कर कापलं होतं. दिवसभर राबल्याबद्दल शांगछिंगला पोटातल्या चरबीचा गोळा मिळाला होता. त्या संध्याकाळी घरात चरबी कढली, पोरींनी कुरकुरीत कण पेजेवर टाकून बोटं चोखत खाल्ले. वर्षातून एकदाच येणारी संध्याकाळ.

वहिनी गेल्यावर तो थोरलीकडे वळला. लानश्यू चौदा वर्षांची, आईसारखीच कमी बोलणारी.

"त्या दिवशी बरणीत हात घातलास?"

"नाही."

"मग तेल काय आभाळातनं पडलं?"

लानश्यूनं मान खाली घातली. काहीतरी लपवणाऱ्या माणसाची मान असते तशी. शांगछिंगला ते दिसलं आणि त्याचा तोल गेला.

"बोल की! काय केलंस बरणीचं?"

ती दाराकडे सरकली. तेव्हा जे बोलायला नको ते तो बोलून बसला. "तुझी आई एकदा गेली होती. तू तिला दुसऱ्यांदा मारलंस."

लानश्यूनं हातातला वाडगा खाली ठेवला, अगदी सावकाश. मग ती दाराबाहेर गेली. चीमेइ भिंतीला टेकून रडायला लागली, तेही आवाज न करता. बरणीचा आवाज बुडू नये म्हणून.

शांगछिंग बरणीशी बसला. निदान आतले मुळे तरी वाचवावेत म्हणून त्यानं राखेनं हात घासला आणि कोपरापर्यंत आत घातला. बोटं पेटली. भेगाभेगांतून आग वर गेली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तो तसाच, हात आत ठेवून, थिजला.

चरबी कढली त्याच्या दुसऱ्या सकाळी मिरच्या काढायला त्यानं असाच हात घातला होता. तेव्हा आग झाली नव्हती. जरासुद्धा नाही. हात बरे झाले म्हणून तो खूश झाला होता. बरे कशानं झाले? आदल्या संध्याकाळी कढई पुसता पुसता त्यानं कोमट चरबी बोटांच्या भेगांत चोळचोळून भरली होती. सगळे बुरूड हिवाळ्यात भरतात. राखेनं कातडं धुतलं जातं. भेगांच्या आत राख पोचत नाही.

लानश्यू घरामागं बांबूच्या बेटात उकिडवी बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या हातातून अजून खार ठिबकत होता.

"माझाच हात होता," तो म्हणाला. "तुझा नव्हे. चरबी माझ्या भेगांत होती."

तिनं वर पाहिलं. मग ती रडायला लागली ती थांबेचना.

"बाबा, पण मी पण चोरी केलीय. श्यानकाकूंच्या सुनेला तुम्ही नाही म्हणालात ना, मी तिला मागल्या दारानं दिला. वाडगाभर. तिला दिवस गेले होते, तिला सारखं आंबट लागत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, त्यामुळंच बरणी रुसली."

शांगछिंगनं ओला हात सदऱ्याला पुसला.

"अजून आहे तिच्याकडं?" त्यानं विचारलं.

श्यानवहिनीच्या दारात रिकामा वाडगा घेऊन उभं राहणं त्याला सोपं गेलं नाही. ज्या उंबऱ्याचा तोरा मिरवला त्याच उंबऱ्याबाहेर खार कसा गेला, ते वहिनीला सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले. ती आतल्या अंगाला वळून ओरडली, "अगं ए सटवे! माहेरचा खार, माहेरचा खार म्हणून चार महिने मला चाटवलास की! आणि मी मेली गावभर तुझ्या आईचं कौतुक करत फिरले!"

मग शांगछिंगकडे वळून म्हणाली, "बघताय काय भावजी? वाडगा कसला आणलात, हंडा आणायचात."

सून अवघडल्या पोटानं हळूहळू आली आणि त्या वाडगाभर खारावर तिनं वाढवलेली अर्धी बरणी त्याच्यापुढं रिती केली. त्यानं काडीचं टोक बुडवून जिभेला लावलं. तिरफळ फार. मीठ कमी. हा सूछ्योंगचा नव्हेच, असं त्याला वाटलं. तो तसाच उभा राहिला. मग गिळल्यावर घशाशी, अगदी मागं, काहीतरी ओळखीचं उमटलं आणि गेलं. होतं की भास होता, त्याला सांगता येईना.

घरी बरणी उकळत्या पाण्यानं तीनदा धुतली, उरलेल्या दारूनं आतून पुसली. मीठ घालून उकळलेलं पाणी गार केलं, त्यात आणलेला खार ओतला. मुळे घालायची वेळ आली तेव्हा शांगछिंग मागं सरला.

"लानश्यू, तू घाल. माझ्या भेगांचा भरवसा नाही."

तिनं आपला हात उलटसुलट करून पाहिला आणि आत घातला.

पुन्हा वाट बघणं आलं. पहिला दिवस गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्या सकाळी पेज वाढून झाली, तिघांनी जेवायच्या काड्या उचलल्या, आणि चीमेइनं एकदम हात वर केला.

गुडूक.

कुणी हललं नाही. पेजेची वाफ तेवढी वर जात होती. थोड्या वेळानं पुन्हा, आणि लगेच आणखी एकदा. गुडूक, गुडूक.

"बाबा," चीमेइ कुजबुजली, "आधीसारखी नाही बोलत ती. जास्त बोलते."

"बोलू दे," शांगछिंग वाडगा तोंडाला लावत म्हणाला. "चार महिने तुमच्या काकूच्या घरी राहून आलीय. सवय लागलीय."

लानश्यूला हसू आलं, आणि तोंडातली पेज नाकात गेली.