डिस्कमधला धुरा
हळदीचा वास आला की हिंगोलीच्या मोंढ्यामागचं, म्हणजे हळदबाजारामागचं, आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आठवतं. की-बोर्डवरसुद्धा पिवळी धूळ बसायची. थोरल्या बहिणीनं कॉलेजच्या अभ्यासासाठी दुकानातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी लिनक्स बसवायला घेतलं. ‘पार्टिशन’ ऐकताच वडील धास्तावले, कारण सगळ्या पत्रिका त्याच डिस्कवर होत्या. “वाटणी काहून करून राहिलीस?” ती शांतपणे म्हणाली, “वाटणी न्हाई, बाबा. रिकाम्या रानात धुरा घालून राहिले, नुसता बांध. तुमच्या पिकाला हात लावत न्हाई.” मशीन सुरू झालं, पडद्यावर दोन्ही नावं आली, पत्रिकाही जागच्या जागी होत्या. वडिलांनी विचारलं, “यातला थोरला कोन?” ती म्हणाली, “ज्याला हाक माराल, तो उठंल.” आता वडील थकलेत. त्यांनी हाक मारली की आम्हा भावंडांत आधी तीच उठते.