भोंगाकाकांची गाडी

निवृत्त झाल्यावर भोंगाकाकांनी जी गाडी विकत घेतली, ती त्यांनी स्वतःच सतरा वर्षं चालवलेली होती. डोंगरातल्या हॉस्पिटलची जुनी अ‍ॅम्ब्युलन्स. उंच छताची, चिखलात आणि चढावर चारही चाकं ओढणारी व्हॅन, आणि मीटरवर चार लाख त्र्याऐंशी हजार किलोमीटर. हॉस्पिटलने ती लिलावात काढली तेव्हा बोली लावायला दोघेच आले, एक भंगारवाला आणि दुसरे काका. भंगारवाल्याने वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं, गंजलेल्या पत्र्यावर बोट दाबलं, बोट आरपार गेलं, आणि तो हसत हसत निघून गेला. काका वाकलेसुद्धा नाहीत. लग्नाला तीस वर्षं झालेल्या बायकोला कोणी पुन्हा बघायला जात नाही.

'भोंगा' हे नाव हॉस्पिटलातल्या नर्सांनी ठेवलेलं. भोंगा वाजवत यायचे म्हणून, आणि गाडीतून उतरल्यावरही त्याच पट्टीत बोलायचे म्हणून. सतरा वर्षांत या माणसाने गरम जेवण पूर्ण जेवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. फोन वाजला की घास तोंडात, चपला पायात. बायको काहीतरी सांगत असायची आणि वाक्याच्या मध्येच नवरा गायब व्हायचा. सुरुवातीला ती उरलेलं वाक्य संध्याकाळी पुरं करायची. पुढे पुढे तिने वाक्यं छोटी केली.

आता काकांना तिला फिरवायचं होतं. ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती आणि ती ते दिसेल त्याला सांगत. मागे पलंग करायचा, छोटी शेगडी, भांडी घासायला बेसिन, एक खिडकी कापायची, आणि निघायचं. समुद्राकडे जायचं, वाळवंटाकडे जायचं, रस्ता संपेल तिथे मुक्काम. "आयुष्यभर लोकांना जायचं तिथे पोचवलं," ते म्हणत, "बायकोला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नेलं नाही."

गाडी दारात आली तेव्हा काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं," एवढं म्हणून त्या आत गेल्या. नंतरच्या चार महिन्यांत त्यांनी त्या गाडीत पाऊल टाकलं नाही. झाडू मारायला नाही, पडद्याचं माप घ्यायला नाही. पडदे शिवून दिले, पण मापं काकांनी ओरडून सांगितली आणि त्यांनी ती ओट्यावर लिहून घेतली.

काका म्हणायचे, वहीम आहे तिचा. किती माणसं त्या गाडीत गेली, त्याची भीती. आणि ते खोटंही नव्हतं, बरीच गेली होती. त्यात काकांची आईसुद्धा होती.

ती गोष्ट काका फार वेळा सांगत. अकरा वर्षांपूर्वीची दुपार. आईच्या छातीत कळ आली आणि नेमका मागे बसणारा अटेंडंट रजेवर. मग काकूच सासूजवळ मागे बसल्या. त्या गाडीत त्या बसल्या त्या तेवढ्याच. पुढे काका एकटे, मध्ये पत्र्याची भिंत, वर भोंगा. "घाटाला दीड तास लागतो," काका सांगत, "मागून ठोकल्याचा आवाज आला तसा मी पाय दाबला. पन्नास मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात! पन्नास! माझ्याकडून एका मिनिटाची कसूर झाली नाही. नशिबापुढे कोणाचं चालतं?" आई दारात पोचण्याआधीच गेली होती. काकांनी बायकोला विचारलं होतं, त्रास झाला का तिला? काकू म्हणाल्या होत्या, नाही. त्या दिवसापासून काकू तुटक वागू लागल्या. काकांना वाटलं, सासूचं दुःख आहे, ओसरेल. अकरा वर्षांत ते ओसरलं नाही, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही. असा बिघाड इंजिनात असता तर तो त्यांना पहिल्या वळणावर ऐकू आला असता.

काम मात्र त्यांनी झकास केलं. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. भिंतींना आतून थर्माकोल, त्यावर प्लायवूड. स्ट्रेचर जिथे असायचं तिथे, दुसरी जागाच नसल्यामुळे, पलंग. मधली पत्र्याची भिंत शेवटी काढायची असं ठरवून तशीच ठेवली होती. एवढं झाल्यावर मागून घरघर येऊ लागली. वेग वाढला की वाढायची, कमी केला की मरायची. काकांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "पुढे बसून कळायचं नाही. एकाने चालवायची, एकाने मागे फळीला कान लावून झोपायचं."

"तू चालव," काका म्हणाले. "माझ्या गाडीचा आवाज मलाच कळेल."

तर अशा रीतीने भोंगाकाका सतरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या गाडीत मागे आडवे झाले. मिस्त्रीने घाटाची वाट धरली. पहिल्या पाच मिनिटांतच काकांना घरघरीचा विसर पडला. मागे काहीच दिसत नव्हतं. वळण कधी येणार ते कळत नव्हतं; ते अंगावर आल्यावरच कळायचं. खड्डा थेट पाठीच्या मणक्यात. डोकं एकदा फळीवर आपटलं, एकदा भिंतीवर. मिस्त्री काही वाईट चालवत नव्हता. उलट म्हातारा माणूस मागे आहे म्हणून जपूनच नेत होता. काकांनी हात लांब करून मधल्या भिंतीवर ठोकलं. दोनदा.

दोनदा म्हणजे थांबव. एकदा म्हणजे हळू. आणि सारखं, न थांबता ठोकलं तर पेशंट हातचा चाललाय, काय वाटेल ते कर पण पळव. भोंग्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ड्रायव्हर आणि मागचा माणूस यांनी आपसात ठरवलेलं हे. प्रत्येक नव्या अटेंडंटला, प्रत्येक नर्सला काका पहिल्या दिवशी हे घोकून घ्यायला लावत.

मिस्त्रीला कोण सांगणार? गाडी थांबली नाही. काकांनी पुन्हा दोनदा ठोकलं. मग घशाशी आलं, जीव घाबरा झाला, आणि दोन, एक, कशाचाच हिशोब न राहता ते मुठीने धाड धाड ठोकत सुटले. गाडीने वेग घेतला.

थांबल्यावर मिस्त्रीने दार उघडलं. काका पांढरेफटक. "अहो, मला वाटलं आवाज नीट यावा म्हणून जोरात घे म्हणताय," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "आला का आवाज?"

काका रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. त्यांनी पाणी मागितलं आणि प्यायलं नाही. ज्याला थांबायचं असतं तो मोजून दोनदा ठोकत नाही. तो ठोकतच राहतो. ज्याला शिकवलेलं असतं तोसुद्धा शिकवलेलं विसरतो, हे आत्ताच त्यांच्या मुठीला कळलं होतं. आणि बायकोला तर त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं. साऱ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं; घरात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण घरात कामाचं काही सांगायला काका बसलेच कधी?

घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. काका दारातच उभे राहिले. इतक्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते.

"आईला नेलं त्या दिवशी, तू मागून का ठोकत होतीस?"

काकूंचं बोट ताटात थांबलं. मग त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आज आठवलं?"

"सांग."

"त्यांना हॉस्पिटल नको होतं," काकू म्हणाल्या. "त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, त्याला थांबव, मागे बोलव, मला त्याला बघायचंय. दहा वेळा म्हणाल्या. मी हाका मारल्या, मग ठोकलं. हात सुजला होता माझा, नंतर आठ दिवस कपडे पिळता येत नव्हते. तुम्ही विचारलंत सुद्धा, हाताला काय झालं. मी म्हटलं, लागलं कुठेतरी." त्या ताटाकडेच बघत बोलत होत्या. "मी जितकं ठोकत होते तितकी तुम्ही गाडी पळवत होतात. शेवटी शेवटी त्या माझाच हात धरून तुमच्या नावाने हाक मारत होत्या."

काकूंनी आणखी एक खडा वेचला.

"मी मनाशी म्हटलं असतं, ऐकू गेलं नसेल. भोंगा होता. पण तेराव्याच्या आतच तुम्ही लोकांना सांगायला लागलात. मागून ठोकल्याचं ऐकलं आणि पाय दाबला. अकरा वर्षं सांगताय. ऐकलंत तुम्ही. तुम्हाला पन्नास मिनिटं करायची होती."

काकांच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. खरं वाक्य होतं, शब्दही मोजकेच. ते बोललं असतं तर अकरा वर्षांचा राग एका क्षणात निघून गेला असता. कदाचित ती उद्या गाडीतही येऊन बसली असती. पण काकांना पुढचंही दिसत होतं. ती ते वाक्य ऐकेल आणि मग स्वतःच्या हाताकडे बघेल. त्या हाताने ठोकून आपणच आईंना घाटातून पळवलं, असं ती उरलेलं आयुष्य म्हणत राहील. ओट्याशी उभी असताना म्हणेल, कपडे पिळताना म्हणेल. तिला कोणी कितीही समजावलं तरी म्हणेल. काकांना तिचा स्वभाव ठाऊक होता. एवढं एक तरी त्यांना तिच्याबद्दल ठाऊक होतं.

त्यांना आईची फार आठवण आली. रडावंसं वाटलं, पण आत्ता रडलं तर सगळं तोंडातून निघेल म्हणून त्यांनी चौकट घट्ट धरली.

"ऐकलं होतं मी," ते म्हणाले. "थांबलो नाही."

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा बऱ्याच वर्षांनी सैल झाला होता. पुरावा मिळाल्यावर होतो तसा.

"एवढं कबूल करायला अकरा वर्षं लागली तुम्हाला," त्या म्हणाल्या.

काका हो म्हणाले.