प्रौढांची पुस्तकं

आमच्या इमारतीच्या खालच्या गाळ्यात एक बाई पुस्तकं विकते. नाव मी कधी विचारलं नाही. ती मला आबा म्हणते, मी तिला पोरी. पार्सलाची चिकटपट्टी दातानं तोडते आणि तुकडा तोंडात धरूनच बोलते, त्यामुळं निम्मं कळत नाही. धंदा बहुतेक मोबाईलवरनंच.

हल्ली दुकानात येईल त्याचा फोन मागून घेते, पुस्तकाचं नाव टाकते आणि म्हणते, "हितंबी दिसंना." ज्या कंपनीच्या ॲपवर ती विकते, त्यांनी बायकांच्या हक्काची आणि पुरुषानं पुरुषावर, बाईनं बाईवर जीव लावल्याची पुस्तकं शोधात दिसायची बंद केलीत. वर शिक्का मारलाय, प्रौढांसाठी. ऑर्डरी आटल्यात.

मी म्हटलं, "मग बरंच की. आमची मंडळी प्रौढांच्या वर्गातच वाचायला शिकली."

"तसलं प्रौढ न्हवं, आबा. ही पुस्तकं घाण हायत म्हणत्यात."

बायकोला जाऊन अजून वर्ष झालं नाही. शेवटी तिच्या उशाला होतं ते पुस्तक याच दुकानातलं. मी त्याचं नाव सांगितलं.

"ते तर त्येंनी पयलं लपवलं."

मला राग आला. त्यात घाण असती तर मंडळीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं असतं का?

काल बाईनं ती सगळी पुस्तकं रस्त्याकडच्या काचेत मांडली. दोघं थांबून बघत होते, काहीतरी बोलून थुंकले.

"पोरी, कुणी दगड घातला म्हंजे?"

"दगड घालायला तरी दिसाय पायजेत की, आबा."

मी जायला उठलो होतो. परत बसलो.