सगळ्यांचे अहो

मुलुंडला आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा इतका कडक, की त्यात पडलेली माशी पोहत बाहेर येते आणि दंड थोपटते. तिथे रोज सकाळी एक म्हातारे गृहस्थ यायचे. बसण्याआधी टेबल गदागदा हलवायचे, मग वाकून त्याच्याखाली डोकावायचे.

एकदा मी म्हटलं, "काका, खाली खजिना पुरलाय काय?"

"मावतो का बघतो रे. जपानला सहलीत भूकंप झाला ना, तेव्हा टेबलाखालीच वाचलो."

"आणि काकू?"

त्यांनी कप खाली ठेवला. "गाइडने बजावलेलं, हादरे थांबेपर्यंत टेबलाखालून हलायचं नाही. नाही हललो. तिच्या अंगावर दाराजवळचं कपाट पडलं होतं. 'अहो, अहो' ओरडत होती. पण सहलीतल्या सगळ्याच बायका 'अहो' ओरडत होत्या रे. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी. जन्मभर तिने माझं नाव घेतलं नाही, तेव्हा तरी कशी घेणार? हादरे थांबेपर्यंत ती गेली होती."

मी त्यांच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

तेवढ्यात माझी बायको मला शोधत दारात आली. "अहो!"

माझ्याआधी ते उठून उभे राहिले होते.