अळणी पातेलं

माझी मावशी एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. रोज तीनशे माणसांचा स्वयंपाक करायची. त्या तीनशेंपैकी एकानेही कधी तिच्या जेवणाचं कौतुक केलं नाही. याचं तिला काही वाटत नसे. जेवणाला चव लागायला लागली की माणूस बरा झाला असं समजून त्याला घरी पाठवतात, मग कौतुक करणार कोण, असं ती म्हणायची.

तिच्या चुलीमागच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर चार रकाने: साधं, पातळ, बिनसाखरेचं, अळणी. प्रत्येक रकान्याच्या पातेल्याचं झाकण वेगळ्या रंगाचं. अळणीचं झाकण निळं. डावातला रस्सा तळहातावर ओतून ती चाटायची, मान हलवायची आणि पुढच्या पातेल्याकडे वळायची. बोलणं बेताचंच. कशी आहेस विचारलं तर "उभी आहे" एवढंच. लग्न तिने केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, तीनशे माणसांचं झाल्यावर आणखी एकासाठी चूल पेटवायचा मला कंटाळा येतो.

स्वयंपाकघराच्या मागेच तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. वर्षातून एकदा तिला आठ दिवसांची सुट्टी असे, आणि त्या सुट्टीत एका दुपारी आम्ही सगळे तिच्याकडे जेवायला जमायचो. मेसमधून दोन टेबलं उचलून आणायची आणि जोडायची. त्यांतलं एक बोटभर उंच होतं, त्यामुळे सांध्यावर बसणाऱ्याचं ताट तिरकं राही. ती जागा घरचे जावई म्हणून माझ्या वडिलांना दिलेली होती.

त्या दिवशीचा पदार्थ एकच, आजीच्या वेळेपासूनचा. मोठ्या पातेल्यात मटण, बटाटे, गाजरं, भिजवलेला घेवडा असे थर लावायचे, झाकण घालायचं, झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची आणि मंद आचेवर सहा तास ठेवायचं. एकदा कणीक लावली की झाकण उघडायचं नाही. काय घालायचं ते आधी घालायचं, राहिलं ते राहिलं. लहानपणी त्या पदार्थासाठी माझा जीव जायचा. तळाच्या खरवडीवरून मी आणि मामेभाऊ अक्षरशः एकमेकांच्या उरावर बसलो आहोत. खरवड बहुतेक वेळा त्यालाच मिळायची, कारण तो चावायचा.

हा आवडता पदार्थ नावडता कधी झाला त्याचं वर्षसुद्धा मला सांगता येईल. त्या वर्षी मामाच्या किडन्यांनी मान टाकली आणि डॉक्टरांनी त्याचं मीठ कायमचं बंद केलं.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. छापखान्यात मशीनवर होता. हात कोपरापर्यंत शाईचे, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मीठ बंद झालं त्या वर्षी मावशीने रीतसर सोय केली. मोठं पातेलं आमचं, आणि त्याच्यासाठी एक लहान, अळणी. सवयीने त्यावर झाकणही निळं ठेवलं. मामाने ते झाकण पाहिलं.

"मी काय इथला पेशंट आहे?" त्याने विचारलं.

कोणी उत्तर द्यायच्या आत तो बूट घालून निघून गेला. मामीही ताटावरून उठून मागोमाग गेली. पुढची दोन वर्षं ती दोघं आली नाहीत. मावशी दोन्ही वर्षी त्यांची ताटं मांडायची आणि जेवणं झाल्यावर कोरडीच उचलून ठेवायची. आईवडील गेल्यावर या भावाला तिने वाढवलं होतं. तो वर्षातला एक दिवस तिच्या टेबलाशी आला नाही, तर बाकीच्या आठ माणसांचं तिला काही सोयरसुतक नव्हतं. हे तिने आम्हाला तोंडावर सांगितलं. आम्हीही वाईट वाटून घेतलं नाही, म्हणजे थोडं घेतलं.

तिसऱ्या वर्षी ती स्वतः छापखान्यात गेली. मशीन चालू होतं, म्हणून तिला ओरडून सांगावं लागलं, आणि सगळ्या छापखान्याला कळलं, की यापुढे पातेलं एकच होईल, सगळे एकाच पातेल्यातलं खातील. मामा आला.

पातेलं एकच होतं, अळणी.

अळणी मटण सहा तास शिजवलं की काय होतं हे ज्याने खाल्लं नाही त्याला सांगून उपयोग नाही. पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. पण मामाच्या देखत तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही तसंच गिळलं. दुसऱ्या वर्षी, कोणीही कोणाशी न ठरवता, सगळ्यांच्या खिशात मिठाच्या पुड्या होत्या.

वडील मीठ काड्यापेटीत आणायचे. मामेभाऊ पेनाच्या टोपणात. आई रुमालाच्या गाठीत. मामीची पुडी सगळ्यात मोठी असे, कारण घरी ती मामाबरोबर वर्षभर अळणीच जेवायची आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीवर दिवस काढायची. ताटं वाढून झाली की मामा हात धुवायला जायचा. शाई नखांतून निघायला रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण, असा तो पाच मिनिटांचा कार्यक्रम असे. टॉवेल खिळ्यालाच असायचा, तरी तो द्यायला म्हणून मावशी बरोबर जायची आणि "अंगठा राहिला तुझा" वगैरे सांगत त्याला तिथे थोपवून धरायची. तेवढ्यात इकडे काम उरकायचं. मावशीला सगळं ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मामाला. असं अकरा वर्षं बिनबोभाट चाललं.

बाराव्या वर्षी माझं लग्न झालं. आईने माझ्या बायकोच्या हातात निघतानाच एक पुडी दिली, मामा हात धुवायला गेले की टाकून घे म्हणाली, आणि बसमध्ये जागा धरायला पळाली. मीठ लपवायचं आहे हे बायकोला कळलं. कोणापासून, हे आईने सांगितलं नाही, आणि मीही नाही. ती बिचारी समजली, इस्पितळात राहून मावशींच्या हाताची चव गेली आहे आणि त्यांचं मन दुखावू नये म्हणून हे सगळं चाललं आहे. कोणीही शहाणं माणूस हेच समजलं असतं.

त्या दिवशी मामाच्या हातातली साबणाची वडी सटकून मोरीच्या भोकात गेली. मावशी कपाटातून नवी काढायला गेली. मामाने हात पँटला पुसले आणि तो सरळ परत आला.

आम्ही सगळे ताटांवर वाकलेलो होतो. वडिलांची काड्यापेटी हवेतच राहिली. कोणी हललं नाही. माझी बायको तेवढी हसली आणि आपली उघडी पुडी त्याच्यापुढे धरत हळू आवाजात म्हणाली, "घ्या ना मामा, पटकन. सगळ्यांनी घेतलं, तुम्हीच राहिलात. मावशी येतील एवढ्यात."

मामाने पुडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काढा," तो म्हणाला.

आम्ही काढलं. काड्यापेटी, टोपण, गाठ मारलेला रुमाल, माझी बसच्या तिकिटाची पुडी. मामीने आपली टेबलावर ठेवली तेव्हा मामा तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"अहो, बसा ना," मामी म्हणाली.

तो दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि बूट घालायला लागला. मला वाटलं, संपलं. आता हा पुन्हा येत नाही. त्याचा चेहराही गेल्या वर्षापेक्षा सुजलेला दिसत होता, आणि त्याच्याकडे रुसून घालवायला फार वर्षं उरलेली नाहीत हे तिथे प्रत्येकाला कळत होतं. माझ्या बायकोला काय झालं ते कळलं नव्हतं, पण आपल्या हातून झालं एवढं कळलं होतं. ती पुडी हातात धरून तशीच उभी होती.

मावशी नवा साबण घेऊन आली. टेबलावरचा पसारा तिने पाहिला, भावाचा एक बूट पाहिला, आणि साबण खिडकीत ठेवला.

"ताई, तुला माहीत होतं हे?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. फडकं मीच मारते ना टेबलावर."

"म्हणजे सगळे चवीचं खातात आणि मी एकटा येड्यासारखा मान डोलावत अळणी खातो. बारा वर्षं. त्यापेक्षा ते निळं झाकण बरं होतं." त्याने दुसरा बूट उचलला. "तुझी पुडी कुठाय? तीही ठेव तिथे."

"माझी नाही."

"खोटं बोलू नकोस."

मावशी आपल्या जागेवर जाऊन बसली. तिचं ताट वाढलेलं होतं, आमच्याबरोबरच, आणि इतका वेळ ते तिथे एकटंच होतं. मामा एका पायात बूट तसाच घेऊन टेबलाशी आला, वाकला आणि तिच्या ताटातला बटाटा उचलून तोंडात टाकला. बराच वेळ चावला.

"अळणी आहे," तो म्हणाला.

"मग," मावशी म्हणाली. "तू एकटा कसा खाशील."

मला लाज वाटली. बारा वर्षांत हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. तिच्याही पदरात कुठेतरी पुडी असेल असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मामा तिच्या शेजारी बसला. त्याने तिचं ताट स्वतःकडे ओढलं आणि आपलं तिच्यापुढे सरकवलं. दोन्हींत काही फरक नव्हता.