नर्गिससाठी मागितलेली थंडी

आधी माफी मागतो. परीक्षेतली उत्तरं सोडली तर मी कधी दोन पानं सलग लिहिलेली नाहीत, आणि फुलांबद्दल लिहायचा तर मला काहीच अधिकार नाही. आमचं घर केळीचं. रावेरच्या पुढे आमचं गाव आहे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही आणि कुणी कुंडीत काही लावलं नाही. बांधावर दसऱ्यापुरता झेंडू, दारात तुळस, एवढंच. जे खाता येत नाही आणि बाजारातही न्यायचं नाही, त्याला माणसं रोज पाणी घालतात हे मी धुळ्याला शिकायला आल्यावर पाहिलं. तरी लिहितो आहे. गेल्या हिवाळ्यातली ही गोष्ट कुणाला तोंडाने सांगायला मला जमलेलं नाही.

धुळ्यात मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते. नोकरीतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. माझी खोली गच्चीवर आणि गच्चीवरच त्यांच्या कुंड्या. गुडघ्यांमुळे त्यांचं जिना चढणं बंद झालं तेव्हा कुंड्या माझ्याकडे आल्या. अक्का खाली अंगणात खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून ओरडून सांगायच्या. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं, ते वाळूत मिसळून पेर. फ्लॉक्सला दाटी करू नको. डेलिया वीतभर झाला की शेंडा खूड.

शेंडा खुडायला माझा हात होईना. इतकं चांगलं वाढणारं रोप, त्याचं डोकंच कसं मोडायचं?

"खुडला का?" खालून आवाज.

"उद्या खुडतो, अक्का."

"उद्या काय मुहूर्त शे का? केळीना पोऱ्या ना तू? तुमना घरना लोके पिलं कशी कापतस?"

खरं होतं. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं आमचे नाना, म्हणजे माझे वडील, विळ्याच्या एका फटक्यात उडवतात आणि मागे वळून बघतही नाहीत. मी शेंडे खुडले. डेलियाला खरोखर चार-चार फांद्या आल्या.

पण अक्कांचा जीव अडकला होता नर्गिसमध्ये. तरुणपणी त्या एकदा हिवाळ्यात दिल्लीला गेल्या होत्या. तिथे रस्त्यावर एक म्हातारा नर्गिसच्या फुलांच्या जुड्या विकत होता. तो वास त्यांच्या नाकातून गेलाच नाही म्हणे. काही वर्षांपूर्वी त्यांनी नाशिकच्या एका नर्सरीतून कंद मागवले. दर हिवाळ्यात नुसती पात यायची, फूल नाही. एका वर्षी तर भरीत करायला जमलेल्या भाचेमंडळींनी कांद्याची पात समजून ती जवळजवळ कापलीच होती. "त्याले थंडी पाहिजे," अक्का म्हणायच्या. "आपला हिवाळा कमी पडतो." म्हणून त्या वर्षी श्रावणापासूनच कंद फ्रीजमध्ये, भाजीच्या खणात, कागदाच्या पिशवीत ठेवलेले. "यंदा नाही आलं तर आता मागवायचे नाहीत," असं त्या मला एकदा सहज म्हणाल्या. सहज म्हणाल्या नव्हत्या, हे मला कळलं.

दिवाळीनंतर त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि कुंड्यांच्या मातीत कालवायचं खत आणायला त्या आत गेल्या. मी काम सुरू केलं. आमच्याकडे केळीचा कंद लावायचा म्हणजे आधी तो तासायचा. जुनी मुळं छाटायची, वरची काळी साल काढायची, आतला पांढरा भाग दिसला की कंद निरोगी. लहानपणापासून तेच बघत आलो. मी पहिला कंद घेतला, बुडाचा वाळका भाग सुरीने काढला, वरचा पापुद्रा सोलला, टोकही जरा छाटलं. छान पांढराशुभ्र झाला. दुसराही तसाच तासला.

"अरे भाऊ! काय करी ऱ्हायना तू? ती केळ नही शे!"

अक्का दारात खताची पाटी घेऊन उभ्या होत्या. बुडाचा तो वाळका भाग म्हणजेच कंदाचा जीव, मुळं तिथूनच फुटतात, हे त्यांनी मला नंतर समजावलं. रागावल्या नाहीत. तासलेले दोन्ही कंद त्यांनी हातात घेऊन बराच वेळ बघितले आणि "हे भजीला बी चालत नाहीत, विषारी असतात," एवढंच म्हणाल्या. उरलेले पाच एकेका कुंडीत लावून वर गच्चीवर नेले. माझ्यामुळे दोन गेले, आता हे पाच तरी फुलले पाहिजेत असं माझ्या मनाने घेतलं. तेव्हापासून मी थंडीची वाट बघू लागलो.

इथे एक सांगायला हवं. ऑक्टोबरात लावलेल्या केळीला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. त्या वर्षी नानांनी नाल्याकडच्या रानात कांदेबाग लावली होती. ती रोपं हिवाळ्यात लहान असतात आणि थंडी त्यांना सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं नवं पान, बाहेरच येत नाही. त्याला चरका बसणं म्हणतात. नाल्याकडची जागा खोलगट, थंडी तिथे साचून राहते.

नानांचा ठाम समज असा की थंडी आधी धुळ्यात पडते आणि मग आमच्याकडे येते. म्हणून रोज सकाळी त्यांचा फोन.

"किती हाये रे आज तिकडे?"

मी मोबाईलमध्ये बघून सांगायचो. डिसेंबर अर्धा उलटला आणि पारा उतरायला लागला. एका सकाळी मी म्हणालो, "कालच्यापेक्षा दोनने कमी!"

नाना म्हणाले, "हासू काय राह्यला रे?"

"नाही, नाही. सर्दी झालीय."

फोन ठेवल्यावर मी गच्चीवर तसाच उभा राहिलो. मी हसत नव्हतो, पण माझ्या आवाजात आनंद होता आणि तो त्यांना ऐकू गेला होता. पाचही कुंड्यांत पात हिरवीगार वाढली होती. त्या भिंतीच्या आडोशाला होत्या. मी त्या उचलून उघड्यावर, उत्तरेच्या कठड्याजवळ नेऊन ठेवल्या. जास्त गार लागावं म्हणून.

त्या दिवसांत नाना पहाटे उठून बागेच्या कडेने पालापाचोळा पेटवायचे. ओला पाला टाकून धूर करायचा, तो रोपांवर पसरला की गारठा जरा अडतो. आई म्हणाली, धुराने त्यांचे डोळे लाल झालेत. मी नानांना विचारलं, "दोन दिवस येऊ का मदतीला?"

"काही नको. तुह्यी परीक्षा हाये. धूर करायला काय कॉलेज लागते?"

ते स्वतःच हसले. मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेची मला अजून लाज वाटते, कारण परीक्षेचा विचार माझ्या मनात दुसरा होता. पहिला विचार होता की मधल्या कुंडीत पातींच्या मधून एक चपटी दांडी वर येते आहे, आणि मी गेलो तर ती कोण बघणार.

थंडी आणखी वाढली. सकाळी गच्चीवरचा नळ उघडला की बोटं बधिर व्हायची. दांडीच्या टोकाला पापुद्र्याची पिशवी फुगली, फाटली, आणि एका सकाळी त्यातून पांढरी फुलं बाहेर आली, प्रत्येकाच्या मधोमध पिवळी वाटी. मी कुंडी पोटाशी धरून जिना उतरलो. अक्का चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि फुलांत नाक घालून बसल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "हाच. हाच वास शे, भाऊ."

मी फोटो काढला आणि नानांना पाठवला. खाली लिहिलं, 'हे नर्गिस. मी लावलं. हे फूल थंडीतच येतं.'

त्यांचं उत्तर दुपारी आलं. 'छान.'

त्यानंतर सकाळचे फोन बंद झाले. मी केला तर नाना म्हणायचे, "बरं चाललंय, अभ्यास कर," आणि आईला द्यायचे. आई जेवणाचं विचारायची. बागेचं विचारलं की म्हणायची, "हाये ना." अक्कांच्या खोलीतल्या नर्गिसचा वास आठवडाभर टिकला. बाकीच्या कुंड्यांतही दोन दांड्या आल्या. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "या पोऱ्याने फुलवलं." मी तिथून उठून वर जायचो.

शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

"झाली ना रे परीक्षा?"

"झाली. आई, बाग कशी आहे?"

"आता सांगते. नाल्याकडची गेली. पोंगाच निघेना, आतून सडली होती. उपटून टाकली सगळी."

"केव्हा?"

"तू तो फुलाचा फोटो धाडला ना, त्याच दिवशी. उपटायला माणसं लावली होती. नाना एकेकाला बोलावून मोबाईल दाखवत होते. म्हणे, हे पाहा, आमच्या पोरानं लावलं. थंडीतच येते हे फूल."