मी साक्षीदार व्हायला गेले नव्हते

पुण्याच्या पोरानं हॉस्टेलचं करडं ब्लँकेट आणलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. मागे सरून बघितलं. "परफेक्ट. आता डोक्यावरून घे. तुला तर ॲक्टिंगपण करायला नको." बाकीचे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

ही गोष्ट इंग्लंडमधली. उन्हाळ्यात तिथल्या एका विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग भरतात. शिष्यवृत्तीवर माझी निवड झाली होती. मी हसनाबादकडची, मेंढपाळाच्या घरातली. कायदा शिकत होते संभाजीनगरला. वर्गाच्या शेवटी अभिरूप न्यायालय होतं. खटला खोटा, न्यायाधीश खरे. ज्यांचं काम उठून दिसेल त्यांना पुढच्या शिक्षणासाठी शिफारस मिळणार होती. मला ती हवी होती. त्यासाठीच तर गेले होते.

आमचा चौघांचा गट, सगळे भारतातले. म्होरक्या पुण्याचा. घरात आजोबांपासून वकिली, आणि ती त्याच्या ताठ मानेत दिसायची. खटला त्यानंच बेतला. मेंढपाळानं न विचारता शेतात मेंढ्या घातल्या, शेतमालकानं दावा लावला. "फॉरेनर्सना असलं आवडतं," म्हणाला. तो स्वतः मालकाचा वकील. दिल्लीची मुलगी मेंढपाळाची वकील. दिल्लीचाच मुलगा मालक. उरले मी, मेंढपाळ म्हणून साक्षीला.

"मलाही वकील व्हायचंय," मी म्हणाले.

"अगं, तुझं इंग्लिश पिंजऱ्यात ऑथेंटिक वाटेल. वकिलाच्या टेबलावर नाही वाटणार."

माझं इंग्रजी चुकत नव्हतं. माझ्या उच्चारांत गाव ऐकू यायचं, एवढंच.

मग त्यानं माझी उत्तरंही ठरवून दिली. शेवटी मी हात जोडायचे आणि म्हणायचं, "मालक, चुकी झाली." तेवढं मराठीत. खरं वाटावं म्हणून.

ते वाक्य मी ऐकलेलं होतं. सातवीच्या वर्षी, माझ्या वडिलांच्या तोंडून. टेंभुर्णीच्या बाजूला एका शेतकऱ्यानं आप्पांना स्वतः बोलावणं धाडलं होतं. ज्वारी निघाली, रान मोकळं आहे, मेंढरं बसवा. आमच्याकडे हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. कळप रात्रभर रानात बसतो, शेताला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला धान्य. सगळा व्यवहार तोंडी. सकाळी त्या शेतकऱ्याचा भाऊ आला. दोघांचा वाटणीचा वाद होता, ते आम्हाला काय ठाऊक? त्यानं आल्या आल्या आप्पांच्या कानाखाली मारली. "कोनाला इचारून शिरला रे?" ज्यानं बोलावलं तो बांधावरच उभा होता. "मी कशाला बोलावू याला?" म्हणाला. आप्पांनी डोक्याचा पटका काढला, हात जोडले. "मालक, चुकी झाली." मार खाल्लेला माणूसच माफी मागत होता. मी कोकरू धरून बघत होते.

"हात जरा अजून खाली. वाक ना," पुण्याचा म्हणायचा. रोज सराव, रोज ब्लँकेट. मी वाकत राहिले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते खोटं नाही.

खटल्याच्या दिवशी हॉल भरलेला. मी पिंजऱ्यात. त्यानं ठरलेला प्रश्न टाकला. परवानगी न घेता शेतात शिरलात, हे खरं ना? माझे हात जोडले गेले. आपोआप. तळहाताला तळहात लागला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी हात सोडले. "खोटं आहे," मी इंग्रजीत म्हणाले. त्याच माझ्या गावाकडच्या इंग्रजीत. "शेतमालकानं बोलावलं म्हणून कळप आला. आणि मी साक्षीदार नाही. मी वकिली शिकायला आलेय. मी कुणाच्या घरातली आहे ते बघून हे काम माझ्या गळ्यात मारलंय." ब्लँकेट काढलं, त्याच्या टेबलावर टाकलं आणि खाली उतरले.

टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. "आमची वाट लावलीस तू," तो बाहेर येऊन ओरडला. शिफारस आमच्यातल्या कुणालाच मिळाली नाही. मला गटात काम करता येत नाही, असा शेरा तेवढा मिळाला.

गावी आल्यावर आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

"जोडायचे व्हते की हात," ते म्हणाले. "खटला खोटाच व्हता ना? तुझं काम झालं असतं."

"आप्पा, तुमचा तर खरा व्हता. काय भेटलं हात जोडून?"

"मेंढरं वाचली, बाई. त्यांच्याच रानातून फिरावं लागतं आपल्याला." मग म्हणाले, "यंदाबी निरोप आल्ता टेंभुर्णीच्या त्या मालकाचा. ज्वारी निघाली की या म्हणून."

"मंग? जाणार तुम्ही?"

"न जाऊन काय करू?"

मला रडू आलं नाही. संताप आला. पुण्याच्या पोरावर आला होता त्याहून मोठा.

"मी येणार तुमच्यासंगं," मी म्हणाले. "'मीच बोलावलं यांना' असं त्यानं आधी चार माणसांत बोलायचं. न्हाई बोलला तर मेंढरं बांधावरूनच माघारी."

"गावं तोडशील तू आपली."

"तुटू द्या."

सनद मिळाली की मी आमच्या तालुक्याच्या, भोकरदनच्या कोर्टात बसणार आहे. मेंढपाळावर जो हात उचलेल त्याला तिथं उभा करणार. मग तो शेतमालक असो, नाहीतर आमच्याच भावकीतला. आप्पा नको म्हणाले तरी.